‘मातोश्री’च्या पुढचं लिहा: गावातल्या बाईचा जीवनपट कसा करावा

बेळगावातल्या कुठल्याही मराठी पेपरातलं निधनवार्तांचं पान उघडा. ‘अमुक गल्ली, तमुक गाव येथील रहिवासी श्रीमती अमुक (वय ८२) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्या अमुक यांच्या मातोश्री होत. त्यांच्या पश्चात तीन मुलगे, दोन विवाहित मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी ८ वाजता.’ मजकुरात चूक काही नाही. पण माहेर कुठलं, लग्नाआधीचं नाव काय, साठ-पासष्ट वर्षं बाईनं कुठलं काम केलं, गाव तिला कशासाठी हाक मारायचं, यातलं काहीच नाही. वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची ठरली की याच चार ओळींत ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ घालून दोन पानं भरली जातात.

असा जीवनपट लिहायची शिस्त अमेरिकेतल्या नॉर्वेजियन शेतकरी वस्त्यांत चांगली मुरलेली आहे, म्हणून सुरुवात तिथून करू. १८२५ साली ‘रेस्टोरेशन’ नावाचं लहानसं गलबत नॉर्वेच्या स्टॅव्हेंजर बंदरातून ५२ माणसं घेऊन निघालं. वाटेत एक मुलगी जन्मली आणि न्यूयॉर्कला ५३ जण उतरले. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन तिकडं गेले. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, डकोटा या भागांत त्यांनी शेती धरली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन मिळायची, आणि २१ वर्षांवरच्या अविवाहित बाईलाही ती स्वतःच्या नावावर मागता यायची.

तिथली म्हातारी शेतकरीण वारली की गावच्या साप्ताहिकात तिचा जीवनपट येतो. आईवडील कोण, जन्म कुठल्या गावात, बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन (जाणत्या वयात श्रद्धा पक्की करायचा विधी) कुठल्या लुथरन (प्रोटेस्टंट पंथातल्या) चर्चमध्ये, लग्न कधी, मुलं किती आणि त्यातली लहानपणी किती गेली, हे आधी. मग चर्चच्या संडे स्कूलमध्ये किती वर्षं शिकवलं, ‘लेडीज एड’मध्ये काय केलं, गोधड्या शिवायची का, लेफ्से (बटाट्याची पातळ पोळी) लाटायला कुणाकुणाला शिकवलं, हे सगळं नावानिशी. लेडीज एड म्हणजे चर्चचं महिला मंडळ. सभा आळीपाळीनं घरोघरी व्हायची, कॉफी आणि शिवणकाम चालायचं, तयार वस्तू विकून आलेले पैसे मिशनला नाहीतर चर्चच्या ऑर्गनला जायचे. सभांचं इतिवृत्त लिहिलं जायचं, म्हणून पन्नास वर्षांनीही त्या कामाचा माग लागतो.

आपल्याकडं इतिवृत्त नसतं. बाकी बाई तीच: घर, शेत, सप्ताह, बाळंतपणं, दुसऱ्याच्या लग्नातल्या पंगती. तेव्हा माग आपणच काढायचा.

कधी सुरू करावं

बाई जिवंत असताना. पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन हे चांगलं निमित्त. घरच्यांनाही वाटतं की काहीतरी करायला हवं. बाराव्याच्या गडबडीत गोळा केलेली माहिती हमखास चुकते, कारण सांगणारे मुलगे असतात आणि मुलग्यांना आईचं लग्नाआधीचं काहीच माहीत नसतं.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात भाताची सुगी आटोपल्यावर, मार्गशीर्ष-पौषात बसावं. निपाणीकडं त्याच दिवसांत तंबाखूची कापणी असते, तिथं होळीनंतर बघा. दुपारी जेवणं झाल्यावर पाऊण तास, आठवड्यातून एकदा, अशा चार-पाच बैठका पुरतात. एका दिवशी तीन तास बसवलं तर पहिल्या तासानंतर बाई ‘व्हय, तसंच’ एवढंच म्हणते.

सामान फार लागत नाही. दोनशे पानी वही, पेन्सिल आणि फोन. फोन एअरप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, बाईपासून हातभर अंतरावर ठेवा. थेट फरशीवर किंवा स्टीलच्या ताटावर ठेवला तर भांड्यांचा आवाज तिच्या आवाजावर चढतो. फॅन बंद करा. दर बैठकीची फाइल त्याच दिवशी गाव, तारीख आणि क्रमांक घालून सेव्ह करा आणि दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.

बैठकीत मुलगा किंवा जावई बसलेला नको. वाईट हेतूनं नव्हे, पण तो तिच्या आधी उत्तर देतो. त्याला आधीच सांगावं, ‘मामा, तुमची बैठक वेगळी घेऊ.’ सून किंवा शेजारीण असेल तर उलट फायदा होतो, एकीला आठवलं की दुसरीला आठवतं.

नाव

एका बाईची चार-पाच नावं सहज निघतात: पाळण्यातलं, शाळेतलं, लग्नात ठेवलेलं, माहेरची हाक, सासरची हाक. वर रेशन कार्डावर कन्नड लिपीतलं आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगमधलं. वहीचं पहिलं पान याच कामाला द्या. डावीकडं नाव, उजवीकडं ते कुठं लिहिलंय किंवा कोण तशी हाक मारतं. मथळ्यात कुठलं घ्यायचं ते तिलाच विचारा.

नॉर्वेत बाईचं नाव बापावरून चालायचं. ओलेची मुलगी ती ओल्सदात्तर, आणि लग्न झालं तरी ते बदलायचं नाही. कायमची आडनावं तिथं १९२३ च्या कायद्यानं सक्तीची झाली. अमेरिकेत गेल्यावर मात्र तीच बाई नवऱ्याच्या नावाची झाली. लेडीज एडच्या जुन्या याद्यांत ‘मिसेस ओले अमुक’ एवढंच सापडतं आणि नातवंडं माहेर शोधत बसतात. आपल्याकडं लग्नात पहिलं नावही बदलायची रीत असल्यानं घोळ दुप्पट. म्हणून जीवनपटात पहिल्यांदा उल्लेख येईल तिथं पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, गाव आणि तालुका, हे पाचही घालावं. तालुका गाळू नये, सारख्या नावाची गावं बरीच आहेत.

माहेर चंदगड तालुक्यातलं असेल तर एक लक्षात ठेवा. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बाकी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मागं मुंबई राज्यात राहिला. त्यामुळं तिथल्या जुन्या कागदावर ‘जिल्हा बेळगाव’ दिसलं तर तो कागद चुकीचा नाही. तसंच बेळगाव शहरातलं शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. तिथल्या घरांचे त्या काळातले कागद संस्थानचे असतात.

नवऱ्याचं नाव म्हाताऱ्या बाया सरळ घेत नाहीत. ‘आमचं हे’, ‘पोरांचा बा’ यावर गाडी अडते. उखाणा घ्यायला सांगा. नावही मिळतं, उखाणाही मिळतो, आणि पहिल्या बैठकीतला ताण तिथंच जातो.

जन्माचं साल

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. आधारवर १ जानेवारी किंवा दाखल्यावर १ जून दिसला तर तो अंदाज समजावा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मास्तर पोराकडं बघून साल ठरवायचे आणि १ जून टाकायचे. नॉर्वेजियन कुळाचा शोध घेणाऱ्यांना ही अडचण कमी, कारण तिथल्या चर्चच्या वहीत जन्म, बाप्तिस्मा, कन्फर्मेशन, लग्न, दफन, एवढंच काय, गाव सोडून गेल्याचीही नोंद सापडते. आपल्याला उलट्या दिशेनं यावं लागतं.

थोरल्या मुलाच्या किंवा मुलीच्या दाखल्यापासून सुरुवात करा (तिथंही १ जून असेल, पण साल एक-दोन वर्षांच्या फरकानं जुळतं). मग मोठ्या घटना घेऊन प्रत्येक वेळी एकच विचारा: तेव्हा कडेवर कोण होतं, पोटात कोण होतं? सीमाभागात या खुणा चालतात:

१ नोव्हेंबर १९५६, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं.
एप्रिल १९५७, नवे पैसे आले.
डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला. खानापूर भागात ही खूण फार कामाला येते.
११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचारच्या पुढं झाला, लोक अंथरुणातून उठून बाहेर पळाले. झोपेतून कुठलं पोर उचललं ते आई विसरत नाही.
१९७२ चा दुष्काळ.
१९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन.
१९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन.

दोन खुणांमध्ये प्रत्येक मुलाचा जन्म बसवला की लग्नाचं साल निघतं. लग्नाच्या वेळी ‘न्हाण आलं होतं का’ हे बाईनं बाईला विचारावं, त्यावरून वयाचा अंदाज येतो. लग्नपत्रिकेवर शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष पालटतं, तिथून फाल्गुनापर्यंत ७९. एवढं करूनही साल पक्कं झालं नाही तर ‘१९४४ च्या सुमारास’ लिहा. १ जून १९४४ लिहून खोटा नेमकेपणा आणू नये.

कागद कुठं शोधायचे

पहिला कागद बहुतेकांना सुचत नाही तो: माहेरच्या जमिनीची वारसा नोंद. बाप वारल्यावर वारस लावताना मुलींची नावं लिहिली गेलेली असतात, पुढं हक्क सोडला असला तरी. कर्नाटकातला उतारा आणि त्यामागच्या नोंदी कन्नडमध्ये मिळतात. नाव उच्चारून वाचून घ्या, अक्षरावर जाऊ नका. चंदगडकडचा सातबारा महाराष्ट्रातून काढावा लागेल.

दुसरा, आहेराची वही. लग्नात कुणी किती आहेर केला ते गावासह लिहिलेलं असतं. बाईचे मामे, मावशा, आत्या सगळे तिथं एका जागी भेटतात. घराण्याचे फार जुने कागद मोडीत असतील तर फोटो काढून मोडी वाचणाऱ्याकडं द्यावेत, मूळ कागद हातचा सोडू नये.

आणि हेळवी. सुगीनंतर धान्य घ्यायला येणारा हेळवी घराण्याची वंशावळ सांगतो, पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर चोपड्या घेऊन येतो. नॉर्वेत ‘बिग्देबोक’ म्हणून गावोगावचे ग्रंथ आहेत, त्यांत एकेका शेताची आणि तिथं राहिलेल्या कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती असते. हेळव्याची चोपडी त्याच कामाची. फक्त हेळव्याच्या चोपडीत पुरुषांची ओळ पुढं चालते, म्हणून मुद्दाम विचारा: ‘लेकी कुठं दिल्या, सुना कुठल्या आणल्या?’ आणि सासरच्या हेळव्यावर थांबू नका, माहेरचा हेळवी वेगळा असतो. सांगताना रेकॉर्ड करायची आधी परवानगी घ्यावी आणि त्याचं मागणं नेहमीपेक्षा जरा वाढवून द्यावं.

काम विचारायचं ते मापानं

अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेत शेतकऱ्याच्या बायकोच्या धंद्याच्या रकान्यात ‘घर सांभाळते’ असं लिहायचे. गाई पिळणं, कोंबड्या, अंडी आणि साय विकून दुकानातला किराणा आणणं, यातलं काही त्या कागदावर नाही. आपल्या कागदांवर तोच शब्द ‘घरकाम’. म्हणून ‘तुम्ही काय काम करायचा?’ असं विचारू नका, उत्तर ‘काय न्हाई, घरातलंच’ असंच येणार.

मापानं विचारा. लावणीच्या दिवसात किती भाकरी थापायचा? पीठ किती दळायचा, जात्यावर की चक्कीत? बुत्ती (शेतावर न्यायचं जेवण) घेऊन शेतात किती वाजता? पाणी कुठून, किती खेपा? म्हशी किती, दूध डेअरीला किती घातलं, पैसे कुणाच्या हातात आले? या शेवटच्या प्रश्नावर बाई जरा थांबते, थांबू द्या.

मुलुखाप्रमाणं प्रश्न बदलतात. बेळगावच्या पश्चिमेला भात, त्यामागून मसूर-वाटाणा, आणि रताळी. खानापूरच्या जंगलाकडं नाचणी, लाकूडफाटा. चिकोडी-अथणीकडं ऊस आणि जोंधळा. निपाणीत तंबाखूची वखार किंवा विडी. विडीवालीला विचारताना हजारावर मोजायचं: दिवसाला किती वळायचा, पान भिजवून कापायला कोण मदत करायचं, पंचवीसचा कट्टा बांधायला कोण, आणि कारखान्यात छाट किती काढायचे. छाट म्हणजे नाकारलेली विडी, तिची मजुरी बुडते. हजार विड्या वळल्या पण मजुरी कमी आली, हे जीवनपटात यायला हवं.

हातात वस्तू दिली की आठवण मोकळी होते. नुसतं ‘ओव्या म्हणा’ म्हटलं तर आठवत नाहीत; अडगळीतलं जातं काढून मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा हातात दिला की दोन-चार फेऱ्यांत गळा लागतो. ओवी आल्यावर मध्ये बोलू नका, अर्थ नंतर विचारा. मांड्यांचंही तसंच. पालथ्या मडक्यावर मांडा कसा टाकला, हे हात सांगतात.

गावासाठी केलेलं

हा भाग सगळ्यात आधी गळतो आणि जीवनपट खरा इथंच उभा राहतो. भजनी मंडळ, पारायणाच्या सप्ताहातला स्वयंपाक, महिला मंडळ, स्त्रीशक्ती (बचत) गट, अंगणवाडी, लग्नाघरी पुरणाचं काम, मयताच्या घरी पहिली भाकरी नेणं. सुईण असेल तर ‘किती बाळंतपणं केली’ याला आकडा येत नाही. गल्ली धरून घराघरानं जा: ‘वरच्या गल्लीत कुणाकुणाची?’ मग बोटांवर नावं येतात, आणि ती माणसं आज गावात असतात. दोघा-तिघांकडं जाऊन पडताळा. गटाचं पासबुक, पावती पुस्तक, सप्ताहाची वर्गणी यादी, जुना गट-फोटो यांचेही फोटो काढा. फोटोतल्या बायांची नावं डावीकडून उजवीकडं त्याच बैठकीत लिहून घ्या. नंतर कुणालाच ओळखू येत नाहीत.

बाईच्या स्तुतीपेक्षा बाईनं कुणाशी भांडून काय मिळवलं हे विचारलं तर जास्त हाती लागतं. नळ, रस्ता, दारूचं दुकान, शाळेची खोली, यातलं काहीतरी असतंच.

लिहिताना

दोन ते तीन छापील पानं, सातशे-आठशे शब्द. यापेक्षा मोठं कार्यक्रमात वाचता येत नाही. ‘त्या अत्यंत कष्टाळू होत्या’ हे वाक्य खोडून त्या जागी मोजमापाचं वाक्य घाला: ‘लावणीत बारा माणसांची बुत्ती डोक्यावर घेऊन त्या दोन मैल चालत शेतात जायच्या आणि तिथूनच लावणीला वाकायच्या.’ एका पानावर असं एक विशेषण राहिलं तर चालेल, तीन नकोत.

तिचं बोलणं जसंच्या तसं घ्या. आमच्याकडच्या बाया ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. ते ‘मी जाते’ करणारा हौशी संपादक दर गावात एक असतो, त्याच्या हाती मजकूर देऊ नका. कन्नड शब्द आले तर तेही राहू द्या, गावाला ते कळतात.

लहानपणी गेलेली मुलं मोजा, नावं आठवत असतील तर नावंही घाला. नॉर्वेजियन जीवनपटात ती असतात आणि आयांना ते हवं असतं. मात्र दुसरं लग्न, सवत, वाटणीचं भांडण, देवाला सोडणं असल्या गोष्टी तिनं सांगितल्या म्हणून छापायच्या नसतात. त्या कागदाच्या वेगळ्या घडीत ठेवा आणि छापू का, हे तिला एकटीला विचारा. घरच्यांना विचारून चालत नाही, कारण त्यांचं उत्तर लाजेपोटी असतं.

कच्चा मजकूर तिला वाचून दाखवा, हळू, मध्ये थांबत. वाचता येत असलं तरी ऐकवाच. ऐकताना ती चुका काढते, आणि त्या बैठकीत अर्धं पान नवीन मिळतं.

छपाई लेझर प्रिंटवर करा. इंकजेटची शाई खानापूरच्या पावसाळ्यात पसरते. जुने फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट हवेत एकमेकांना चिकटतात; कागदी पाकिटात घालून, पेटीत कडुलिंबाचा सुका पाला टाकून ठेवा म्हणजे कसर लागत नाही. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, पानासकट फोटो काढावा, तोही खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. प्रती काढताना घरच्यांशिवाय चार जास्त काढा: गावच्या शाळेला एक, वाचनालयाला एक, गटाच्या किंवा भजनी मंडळाच्या दप्तरात एक आणि माहेरी एक. रेकॉर्डिंगच्या फाइली एका पेनड्राइव्हवर घालून प्रतीबरोबर द्या, आणि पेनड्राइव्हवर बाईचं नाव व साल परमनंट मार्करनं लिहा.